इसार परत केला आहे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबा, फोनवर सांगायचा धीर झाला नाही. मोहर्लीच्या वावराचा इसार मी सोमवारी परत केला. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं, तर पोरीला त्रास नको म्हणून तुम्ही विकूनच टाकलं असतं.

1995 ला ताडोब्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा दादाच्या शिक्षणासाठी हेच वावर तुम्ही विकायला काढलं होतं. वाघाच्या तोंडची जमीन म्हणून कुणी फिरकलं नाही. आज त्याच वाघापायी भाव आलाय. रानडुकरांनी उकरलेला धान, आपली काळी गाय, सगळं सोसलं आपण. आता चार पैसे दिसायला लागले, तर ते दुसऱ्याच्या पदरात का घालायचे? धाकट्या काकांनी वावर विकलं, ते पैसे दोन लग्नांत गेले. आता ते आपल्याच जुन्या धुऱ्यावर वर्दी घालून रिसॉर्टचं गेट उघडतात. (त्यांच्यासमोर हे काढू नका.)

मी नोकरी सोडतेय. ऑक्टोबरात कोअर, म्हणजे आतलं जंगल, पर्यटकांसाठी उघडायच्या आत घरी येते. घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधू. गावची पोरं गाइड आहेत, जिप्सी चालवतात, तीच पाहुणे आणतील. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, तेव्हा आपला धान आहेच. कर्ज नाही काढत, पीएफमध्ये भागतं. आई, आधी तुझ्या गुडघ्यांसाठी कमोड बसेल, मग खोल्यांचा पाया. मंगळवारी कोअर बंद असतं, त्या दिवशी बाबांना घेऊन चंद्रपूरला डॉक्टरांकडे.

बाबा, मचाणावर तुम्ही रात्रभर डबा वाजवायचे आणि मी तुमच्या घोंगडीत झोपायची. डबा थांबला की मला जाग यायची. पुण्यातही कधीकधी मध्यरात्री तशीच जाग येते.

आता मचाणावर चढायचं नाही. जन-वन विकास योजनेत सौर कुंपणासाठी अर्ज करतेय. नुकसान झालं तर त्याच दिवशी वनरक्षकाला सांगा, फोटो काढल्याशिवाय काही हलवू नका. आई, मोह वेचायला पहाटे एकटी जाऊ नको. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. उन्हं वर आल्यावर, चौघींसोबतच जा. आणि बाबांच्या चहात साखर घालू नको, कितीही मागू देत.

रागावला असाल तर फोन उचलू नका, बाबा. पण रात्रीची गोळी घेतली की एक मिस कॉल द्या.

तुमची,
छोटी