चाकावर इंच नकोत, मिलिमीटर हवेत

महोदय,

सायकलचे चाक विकताना 'साइज २६ इंच' एवढेच लिहून मोकळे होणाऱ्यांविषयी हे पत्र आहे. माझी सारी नोकरी लेथवर झाली आणि आता ओळखीच्यांच्या चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढून देतो, त्यामुळे मापाच्या बाबतीत थोडा हट्टी आहे.

२६ इंच म्हणजे नक्की किती? माउंटन बाइकच्या २६ इंची टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास ५५९ मिमी. साध्या सायकलच्या 'सव्वीस, एक तीन अष्टमांश' टायरचा ५९० मिमी. आकडा एकच, पण एकीचा टायर दुसरीला चालणार नाही. याउलट '७०० सी' आणि '२९ इंच' ही नावे वेगळी असून दोन्ही रिम ६२२ मिमीच्या. जुनी २७ इंची रिम तर ६३० मिमीची, म्हणजे २९ इंचीपेक्षा मोठी! टायरच्या बाजूला '३७-६२२' असे काही छापलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा हा व्यास. भरवसा त्या दुसऱ्यावर ठेवावा.

पण एवढ्याने भागत नाही. माझ्या भाच्याने '२९ इंच, डिस्क ब्रेक' वाचून चाकांची जोडी मागवली. व्यास बरोबर होता. मात्र त्याच्या फ्रेममध्ये मागच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, जागा १३५ मिमी, आणि आलेला हब १४८ मिमीचा, आरपार जाणाऱ्या जाड आसाचा, म्हणजे थ्रू-अ‍ॅक्सलवाला. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम १३ मिमी फाकवायची नसते. शिवाय हबवरचा फ्रीहब (ज्यावर गिअरच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, बसते तो भाग) मायक्रो स्प्लाइन नावाच्या वेगळ्या खाचांचा, त्यामुळे त्याची आठ गिअरची कॅसेटही त्यावर जाईना. रोटर (डिस्क ब्रेकची तबकडी) सहा बोल्टने बसणारा आणि हब सेंटरलॉक, म्हणजे तबकडी खाचांवर बसवून एका रिंगने आवळायची तसा; एवढे एकच काय ते अ‍ॅडॅप्टरने निभावले असते (उलट असते तर तेही नाही). विक्रेत्याचे उत्तर: "युनिव्हर्सल आहे."

या धंद्यात मिलिमीटरच्या अंशालाही किंमत आहे. शिमानो कंपनीच्या रोड बाइकसाठीच्या ११ गिअरच्या फ्रीहबवर ८ किंवा ९ गिअरची कॅसेट बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारे कडे) घालावा लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) कितीही आवळा, कॅसेट खुळखुळतच राहते.

ही सगळी मापे कारखान्याच्या ड्रॉइंगवर असतातच. मग रिमचा व्यास व आतील रुंदी, हबची रुंदी, अ‍ॅक्सलची जाडी, फ्रीहबचा प्रकार आणि रोटर कसा बसतो, एवढे विक्रीच्या पानावर आणि खोक्यावर का छापू नये? ग्राहकांनीही जुने चाक काढून फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधले आतले अंतर मोजावे आणि तो आकडा विक्रेत्याकडून लेखी जुळवून घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आपला,
एक निवृत्त टर्नर