शिफारशीसोबत कारणही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित साहाय्य थांबल्यापासून जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डिस्क लहान असेल, तर ‘शिफारस केलेली पॅकेजेस (म्हणजे एखाद्या प्रोग्रामसोबत सुचवलेले इतर प्रोग्राम व फायलींचे गठ्ठे) घेणे सरसकट बंद करा’ अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. ही पुस्ती मला धोक्याची वाटते.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात प्रत्येक पॅकेजसोबत इतर पॅकेजेसच्या तीन याद्या असतात: ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्यावाचून प्रोग्राम चालणारच नाही ते, ‘सजेस्ट्स’ म्हणजे वाटले तर घ्यावे असे, आणि मधले ‘रेकमेंड्स’ म्हणजे एखादी अपवादात्मक मांडणी वगळता सोबत असायला हवे ते. २००९च्या डेबियन ५पासून एपीटी हे पॅकेजेस बसवणारे साधन ही मधली पॅकेजेस आपणहून बसवते. ती सोय बंद करून मोजक्याच पॅकेजेसच्या यंत्रावर डब्ल्यूगेट हे इंटरनेटवरून फायली उतरवणारे साधन बसवले, तर ते सुरू होते खरे. पण एचटीटीपीएसचा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, पत्ता दिला की संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची खातरजमा होत नाही म्हणून अडून बसते, कारण त्यासाठी लागणारे ‘सीए-सर्टिफिकेट्स’ हे पॅकेज केवळ शिफारशीत आहे. नवखा माणूस मग इंटरनेटला दोष देतो, किंवा, त्याहून वाईट, तपासणीच बंद करून मोकळा होतो.

अर्थात, या आपोआप येणाऱ्या पॅकेजेसवर वैतागणाऱ्यांचेही अगदीच चुकते असे नाही. अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची ‘रेड’ ही मांडणी सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या साधनासोबत चक्क मेल सर्व्हर येऊ लागला, तर कोणीही चक्रावेल. डिस्क बिघडल्यास मेलने इशारा जावा, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पॅकेज बसवताना एपीटी मात्र तो सांगत नाही. उलट अनिवार्य आणि शिफारशीची नावे एपीटी एकाच यादीत मिसळून दाखवते, आणि जी बसणारच नाहीत त्या ‘सजेस्ट्स’ची यादी तेवढी वेगळी छापते! आर्च लिनक्स या दुसऱ्या प्रकारात ऐच्छिक पॅकेजेस आपोआप बसत नाहीत, आणि नवख्यांसाठी ती पद्धत मला पसंत नाही. परंतु तिथे नावापुढे ते पॅकेज कशासाठी, हे सहसा अर्ध्या ओळीत लिहिलेले असते. डेबियनच्या ‘रेकमेंड्स’मध्ये अशा कारणाला जागाच नाही, ती करायला हवी.

तोवर जागेची चणचण असणाऱ्यांनी कायमची सेटिंग न बदलता ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय त्या त्या आज्ञेपुरताच वापरावा. त्या वेळी एपीटी वगळलेली नावे वेगळी दाखवते. ती वाचून हवे ते पॅकेज नावानिशी मागता येते.

आपला,
एक वाचक, नाशिक