बाई, टेक चढताना तुम्ही गप्प राहिलात

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही मला कधी शिकवलेलं नाही. तरी बाईच म्हणते, कारण जुनं नाशिक पायी फिरवून दाखवणाऱ्या तुमच्या रेकॉर्डिंगची पहिली फाईल लावली आणि तुमचं वाक्य कानात आलं, "पाण्याची बाटली घेतली का? मग चला." आमच्या ऑफिसातली तुमची जुनी विद्यार्थिनी, तिनं तुमच्या आवाजातल्या त्या १७ फायली मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. नाव कुठे लिहू नको, असं तुम्ही तिच्याकडून कळवलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते, तेवढं चालवून घ्या.

लग्न होऊन नाशिकरोडला आले त्याला २१ वर्षं झाली. इतक्या वर्षांत नाशिक बघायचं म्हणजे पाहुणे आले की पंचवटी. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, आणि परतताना भांडी बाजारातून एखादा तांब्या. नदीच्या अलीकडचं गाव, ते टेकांवर म्हणजे छोट्या टेकड्यांवर चढलेलं, त्यात मी कधी शिरलेच नव्हते. एकदा एका सहलवाल्याबरोबर गेले, तर सगळा वेळ "फोटो काढा, चला, पुढे चला" एवढंच ऐकलं. एकटीनं जायचं तर वेगळी अडचण. बाईमाणूस अनोळखी बोळात थांबली की कुणीतरी ओट्यावरून विचारतंच, "कोण पाहिजे?" आणि मग आपण काहीतरी पुटपुटून पुढे निघतो.

हे तुम्हाला ठाऊक होतं. तिसऱ्या फायलीत तुम्ही म्हणता, "कुणी विचारलं तर सरळ सांगायचं, वाडा बघतेय. पाणी विचारतील. नाही म्हणू नका, घोटभर तरी घ्या." म्हसरूळ टेकावर एका आजींनी अगदी तसंच विचारलं आणि मी अगदी तसंच सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, मग आत बोलावून चौक दाखवला, तुळस दाखवली, आणि माहेर कुठलं ते विचारून घेतलं. अर्धा तास गेला. तुमची फाईल थांबवून ठेवली होती, ती कुठे पळणार नव्हती.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं ते सांगू? तुमचं गप्प राहणं. चढ आला की तुम्ही सांगता, "आता चढ आहे, मी बोलत नाही," आणि खरंच बोलत नाही. फक्त तुमच्या चपलांचा आवाज येतो आणि दम लागलेला कळतो. म्हणजे ही रेकॉर्डिंगं तुम्ही खुर्चीत बसून केलेली नाहीत, प्रत्येक टेक चढत केली आहेत. माझी पावलं आपोआप तुमच्या पावलांच्या चालीवर पडू लागली. तांबट लेनच्या फायलीत मागे तांब्यावर हातोडी पडतेय, आणि मी उभी होते तिथेही पडत होती. कानातली कुठली आणि गल्लीतली कुठली, ते कळेना. एक इअरफोन काढला, तेव्हा दोन्ही वेगळ्या झाल्या.

दुसरे आभार तुमच्या खरेपणाचे. तुम्ही सुरुवातीलाच बजावलंत, "मी 'म्हणतात' म्हटलं की ती गोष्ट, आणि 'नोंद आहे' म्हटलं की ती नोंद. दोन्ही ऐका, पण मिसळू नका." नाशिक हे नाव कसं पडलं? लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून, असं म्हणतात. नऊ शिखरांचं नवशिख, त्याचं नाशिक, असंही म्हणतात. "नाशिक नव टेकांवर वसविले" ही ओळ तुम्ही अशी लांबवत म्हटलीत की ती दिवसभर डोक्यात राहिली. आणि नोंद कुठे आहे, तर पांडवलेण्यात. १८ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावर नाशिककरांनी धंभिक गाव दान दिल्याचा ब्राह्मी लेख आहे. दोनेक हजार वर्षांपूर्वीही इथले लोक स्वतःला नाशिकचे म्हणवत होते. मुघलांच्या काळात गुलशनाबाद हे नाव आलं, मराठ्यांच्या काळात जुनं नाव परत आलं. मला वाटतं, माझ्या मुलांना शाळेत इतिहास असा कुणी सांगितला असता, गोष्ट कुठली आणि दगडावरचा पुरावा कुठला हे वेगळं करून, तर त्यांनी तो पाठ करण्याऐवजी वाचला असता.

गाव टेकांवर का चढलं, हेही तुम्ही पेशवेकालीन सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर मला उभं करून दाखवलंत. खाली सराफ बाजार आणि भांडी बाजार, पलीकडे गोदावरी. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत, यावरून नाशिककर पूर मोजतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी टीव्हीवर बघून हळहळले होते, पण उंच आणि सखल हा हिशोब तेव्हा कळलाच नव्हता. त्या पायऱ्यांवरून वर नजर टाकली तेव्हा कळला.

तिळभांडेश्वर लेन आणि तिथला सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेचा इतिहास, १९०९ साली नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली गेली ते विजयानंद थिएटर, हे मला थोडंफार माहीत होतं. तिवंधा चौकाचं मात्र माहीत नव्हतं. "जरा बाजूला सरका," तुम्ही म्हणालात, "तुमच्या पायाखाली रहाड आहे." पेशवेकाळापासूनचा रंगाचा हौद, वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवलेला, फक्त रंगपंचमीला उघडणारा! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याचा पिवळा. मी त्या रस्त्याकडे बघत राहिले. वरून एक स्कूटर गेली, भाजीची गाडी गेली. २१ वर्षं मी धुळवड झाली की रंग संपला असं समजत होते.

आणि गढी. जुनी मातीची गढी, जिला लोक काझीची गढी म्हणतात. तिथे तुम्ही आवाज खाली आणलात. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं, आणि थरावर थर लागले. सगळ्यात खाली ताम्रपाषाणयुगातली वस्ती, वर सातवाहनांचा काळ, त्यावर मुसलमानी आणि मराठी अंमल. त्याच मातीच्या कडेला आज माणसं राहतात. दर पावसाळ्यात कडा सुटतो आणि घरं रिकामी करायची वेळ येते. तुम्ही म्हणालात, "इथे फोटो काढू नका. लोकांची घरं आहेत. नुसतं बघा आणि नदीकडे तोंड करून दोन मिनिटं थांबा." मी फोन पर्समध्ये ठेवला. खाली कुंभारवाडा, पुढे पात्र, आणि पायाखाली तीन हजार वर्षांची खापरं असलेली माती. मी दोन मिनिटांपेक्षा बरीच जास्त थांबले.

एक गोष्ट सांगावी की नाही, याचा खूप विचार केला. पण तुम्ही नोंद आणि गोष्ट वेगळी ठेवायला शिकवलंत, तर सांगायलाच हवी. नवव्या फायलीत ज्या वाड्यासमोर तुम्ही थांबायला सांगता, "उंबरठा बघा, मधोमध कसा झिजलाय," तो वाडा आता नाही. शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं, गेल्या पावसात मागची भिंत बसली आणि मग उरलेला उतरवला. जोतं आहे. तुळया ओळीनं रचून ठेवल्या आहेत. उंबरठा तिथेच आहे, मी वाकून हात लावून बघितला. मधोमध झिजलेला, तुम्ही सांगितलंत तसाच, पावलाएवढा खोलगट.

तुमच्या विद्यार्थिनीकडून कळलं की गुडघ्यांमुळे आता तुम्हाला टेक चढवत नाही. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे, सकाळी साडेसातला, गर्दी व्हायच्या आत. तिवंध्याला पोचले की तुम्हाला फोन लावीन आणि तो चालू ठेवीन. तांबट लेनमध्ये रविवारी हातोडी चालू असते का, ते तुम्हीच मला सांगा. चढ आला की मी बोलणार नाही.

तुमची,
नाशिकरोडची एक श्रोती