गच्चीवरचे काचघर, खालच्या घरातली गळती आणि परवानगीचा अर्ज

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी व्यवस्थापन समिती

विषय: नोटिशीचे उत्तर, दुरुस्तीसाठी परवानगी आणि ठेकेदारांबाबत एक सूचना

महोदय,

आपली नोटीस मिळाली. खालच्या सदनिकेचे नुकसान झाले, हा त्यातला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. गच्चीवरच्या काचघराची उंची परवानगीपेक्षा जास्त केली, हा मान्य नाही. मान्य असलेल्याविषयी आधी लिहितो.

माझ्या गच्चीच्या बरोबर खाली काकूंची झोपायची खोली आहे. पंख्याच्या हुकाभोवती आधी ताटलीएवढा डाग दिसला आणि आठवडाभरात रंगाचे पोपडे कपाटावर पडू लागले. काकूंनी मला बोलावून छत दाखवले, पण एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांच्या छताची दुरुस्ती आणि रंगकाम माझ्या खर्चाने होईल, असे मी त्यांना लेखी दिले आहे. प्रत सोबत जोडली आहे.

हे झाले कसे? आराखड्यात काचघराचे खांब कडेच्या कट्ट्यावर होते. चौकट बनवणारा फॅब्रिकेटर आला तेव्हा मी ऑफिसात होतो. कट्टा ओळंब्यात नाही म्हणून त्याने खांब आत सरकवले आणि थेट लादीत, कोब्यात सोळा भोके पाडून अँकर बोल्ट ठोकले. फोनवर म्हणाला, "साहेब, चार इंचांनी काय फरक पडतो?" फरक असा पडला, की लादीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर सोळा ठिकाणी फुटला.

त्यावर उपाय म्हणून त्याने बोल्टभोवती सिलिकॉन भरले. संध्याकाळी गच्चीवर व्हिनेगरसारखा उग्र वास येत होता, तो मला मालाच्या दर्जाचा वाटला! नंतर कळले, की असा वास येणारे सिलिकॉन काचेला काचेशी जोडायला ठीक असते. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि धातूला गंज आणू शकते. इथे बिनवासाचे, 'न्यूट्रल' म्हणतात ते हवे होते. परवा मी एका बोल्टपाशी नख घातले, तर रबरबँडसारखी अख्खी पट्टी हातात आली. खाली ओलच होती.

त्यानंतरचा खेळ आपण जिन्यात ऐकलाच असेल. फॅब्रिकेटर म्हणतो, गळती वॉटरप्रूफिंगवाल्याची. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, लादीला ड्रिल लागले तिथेच माझी गॅरंटी संपली, आणि त्याचे चूक म्हणता येत नाही. काचवाला म्हणतो, चौकट काटकोनात नाही, काचा बसणार नाहीत. टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच नंतर कापता येत नाही, घासून कमी करता येत नाही. मापात चुकली की नवीनच करावी लागते. शिवाय उन्हात अॅल्युमिनियम काचेच्या दुपटीहून जास्त पसरते, त्यामुळे ठोकून घट्ट बसवणेही धोक्याचे. बाजूच्या तशा दोन काचा जिन्याच्या वळणावर पुठ्ठ्यात उभ्या आहेत. मुलांच्या वाटेत त्या नकोत हे खरे. या रविवारपर्यंत घरात घेतो.

या तिघांना बोलवावे तर कोणी येत नाही, कारण काचा येण्याआधीच मी ऐंशी टक्के पैसे देऊन बसलो होतो. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी कोण जिने चढणार? करार म्हणजे एक पानी कोटेशन आणि त्यात 'काचकाम पूर्ण' एवढे दोन शब्द. ही चूक माझीच.

आता उंचीचे. परवानगीत पुढच्या कडेची उंची दिली आहे आणि ती तेवढीच आहे. भिंतीकडची बाजू वर गेलेली दिसते ती छताच्या उतारामुळे. सपाट काचेवर पाणी आणि धूळ साचते, म्हणून पाच अंश उतार ठेवला. पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंतच्या तीन मीटर अंतरात तेवढ्याने सुमारे 26 सेंटिमीटर फरक पडतो. छताला साधी टफन काच न घेता दोन थरांची लॅमिनेटेड घेतली आहे, कारण ती फुटली तरी तुकडे मधल्या पडद्याला चिकटून राहतात, कोणाच्या डोक्यावर येत नाहीत. 12 मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला 30 किलो होते. ते आराखड्यात धरले असल्याचे अभियंत्यांचे पत्र सोबत आहे.

दुरुस्तीसाठी मला पंधरा दिवसांची परवानगी हवी. चौकट उतरवून, लादी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे आणि खांब कट्ट्यावरच घ्यायचे. लादी परत बसवण्याआधी पन्हाळीचे तोंड बंद करून किमान 24 तास पाणी भरून ठेवायचे. त्या वेळी समितीपैकी कोणीतरी हजर असावे, ही विनंती.

आणि एक सूचना. आपल्या परवानगीच्या अर्जात कामगारांचे फोटो, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकणार, सगळे विचारले जाते. भोके कुठे पाडणार, हे कोणी विचारत नाही. त्या भोकांचा एक नकाशा अर्जासोबत मागावा. चौकट आणि वॉटरप्रूफिंग या दोन्हींची जबाबदारी एकाच ठेकेदाराने लेखी घ्यावी. सभासदाची अनामत पाणी भरून तपासणी झाल्याशिवाय परत करू नये. सभासद आणि ठेकेदार यांच्यामध्ये समितीने पडू नये, असे मागच्या सभेत म्हटले गेले आणि मीही तेव्हा मान डोलावली होती. माझे बुडालेले पैसे मी बघेन, पण स्लॅब एकट्या माझा नाही.

पाणी भरण्याची तारीख परवानगी मिळताच कळवतो. त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपायला काकू तयार आहेत. त्यांच्या छतावर लक्ष ठेवायला मी खालीच असेन.

आपला,
वरच्या मजल्यावरील गच्चीचा सभासद

सोबत: काकूंना दिलेल्या हमीपत्राची प्रत, अभियंत्यांचे पत्र