समर्थकांनी पाठ फिरवलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या पेठेचा फुटबॉल संघ वरिष्ठ गटातून खाली का घसरला, याची कारणमीमांसा काल आपल्या क्रीडा पानावर वाचली. बदललेले प्रशिक्षक, दुखापती, पंचांनी न दिलेली पेनल्टी, सगळे त्यात आले आहे. त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण 'समर्थकांनी पाठ फिरवल्यामुळे संघाचे मनोधैर्य खचले' हे वाक्य आपल्या प्रतिनिधीने कुणाला विचारून लिहिले? शेवटच्या सामन्याला त्यांनी गॅलरीकडे एकदा तरी वळून बघायला हवे होते.

दुपारी दोनची मॅच होती. शाहू स्टेडियमवर दोनच्या उन्हात बसणे काय असते ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. तरी आम्ही होतो. डोक्यावर टॉवेल टाकून बसलेली माझ्या वडिलांच्या वयाची माणसे होती, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेले होते, कॉलेजची पोरे होती. लीगमध्ये आपण तळाला आहोत, बरोबरीसुद्धा पुरणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. हरणाऱ्या संघाची मॅच बघायला उन्हात येणाऱ्या माणसाने पाठ फिरवली असे म्हणायचे असेल, तर साथ देणे म्हणजे आणखी काय करायचे असते ते आपणच सांगावे.

त्या मॅचमधला दुसरा गोल आपल्या बातमीत 'बचावफळीतील गोंधळाचा फायदा' अशा तीन शब्दांत उरकला आहे. तो गोंधळ कसा झाला ते मी सांगतो. डावीकडून साधा उंच बॉल आला. आमचा गोलकीपर पेठेतला, लहानपणापासून इथेच वाढलेला. तो पुढे आला, त्याने हाक दिली. समोरचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, दोन दिवसांपूर्वी रेल्वेतून उतरलेला. त्याला ती हाक कळली नाही, त्यानेही उडी मारली. दोघे एकमेकांवर आदळले आणि बॉल टप्पा खात गोलात गेला. त्या स्टॉपरच्या जर्सीवर आधीच्या खेळाडूचा नंबर होता. त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून त्याचा नंबर केला होता आणि पहिल्या हाफमध्येच घामाने ती पट्टी सुटून लोंबत होती. खाली पडलेल्या गोलकीपरला उठवताना त्याने काय म्हणून हाक मारली असेल? नाव तरी माहीत होते का?

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला बोलावले, तो आला, जमेल तसा खेळला. अशा मुलांना तालमीच्या, म्हणजे संघ चालवणाऱ्या मंडळाच्या, खोलीत उतरवतात, सराव एक-दोन दिवसांचा, आणि हरले की मानधनाचे पुढचे पुढे. दोष बोलावणाऱ्यांचा आहे.

या सगळ्यात आमचा मिडफिल्डचा मुलगा, ज्याला मी दहा वर्षांचा असल्यापासून बघतो आहे, सगळा दुसरा हाफ गोलच्या मागे वॉर्मअप करत होता. धावायचा, थांबायचा, डगआउटकडे बघायचा. तिकडून कुणी बोट वर करत नव्हते. दोन गोलांनी मागे पडल्यावर, मॅच हातची गेल्यावर, शेवटची सात-आठ मिनिटे त्याला आत सोडले. तेवढ्यात त्याने दोन कॉर्नर मिळवले आणि एक शॉट बारला लागला. गॅलरी उभी राहिली ती त्या एकट्यासाठी. शिट्टी झाल्यावर तो मैदानातच बसून रडला. बाहेरचे तिघे बॅग उचलून निघून गेले होते. त्यांना रडायचे कारण नव्हते, आणि त्यात त्यांचे काही चुकलेही नाही.

पदाधिकाऱ्यांना विचारले की एकच उत्तर मिळते: लोकांना निकाल पाहिजे, आणि निकाल आयात खेळाडूंशिवाय मिळत नाही. मग हा निकाल कुणी आणला? तीन हंगाम आम्ही आयातच करतोय. नोंदणीच्या दिवसांत याला उचल, त्याला फोड, अमक्याला रातोरात आण, यात जेवढी ईर्षा दिसते तेवढी सरावाला दिसत नाही. सकाळी सहाला मैदानावर पेठेतली आठ-दहा पोरे येतात, बॉल त्यांच्याच घरचा असतो. ज्यांच्या जिवावर लीग खेळायची ते पाहुणे मॅचच्या आदल्या दिवशी उगवतात. अकरा माणसे एकमेकांना ओळखत नसतील तर ऑफसाइडची लाइन कोण कुणाबरोबर लावणार? बॉल कुणाच्या कुठल्या पायावर द्यायचा हे आदल्या संध्याकाळी सांगून कळत नाही.

बाहेरचा माणूस नकोच, असे माझे म्हणणे नाही. पूर्वी एक आफ्रिकन खेळाडू आमच्याकडे सलग काही हंगाम राहिला होता. तो इथेच भाड्याने राहायचा, सकाळी लहान मुलांना हेडिंग शिकवायचा, गणपतीच्या मिरवणुकीत पोरांबरोबर नाचायचा. तो आमचाच होता. आज त्याचे नाव काढले तरी पेठेतली माणसे हळवी होतात. राहणारा आणि येऊन जाणारा यांत फरक आहे, आणि तो पदाधिकाऱ्यांना कळत नाही असे मला वाटत नाही. कळतो, पण आपल्या पोरांवर तीन-चार वर्षे घालवायला धीर लागतो, तो कुणाजवळ नाही.

आपल्या पानावर युरोपातले फुटबॉल रोज असते, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. स्पेनचा अॅथलेटिक बिल्बाओ १९१२ पासून फक्त आपल्या बास्क भागातले किंवा तिथे घडलेले खेळाडू खेळवतो. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर ला लीगातून, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगमधून, एकदाही खाली न घसरलेला तोच एक क्लब. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मायोर्काला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला, तोही तब्बल ४० वर्षांनी. इतकी वर्षे कप नव्हता तरी त्यांनी रीत मोडली नाही आणि त्यांचे लोकही स्टेडियम सोडून गेले नाहीत. त्यांच्या संघातले विल्यम्स बंधू घानाहून आलेल्या आई-बापांची मुले आहेत. तिथे वाढले, तिथे शिकले, म्हणून ते तिथले. जात, रंग, गाव याचा इथे प्रश्नच नाही. आपल्या मैदानावर घडलेला तो आपला, एवढेच.

बिल्बाओ मोठे शहर आहे, त्यांच्याकडे अकादमी आहे, पैसा आहे, हे उत्तर मला माहीत आहे. पण पोरांच्या बाबतीत कोल्हापूर कुणापेक्षा कमी आहे? २०१७ मध्ये भारत पहिल्यांदा फिफाच्या विश्वचषकात उतरला, १७ वर्षांखालच्या, तेव्हा त्या संघात आपला अनिकेत जाधव होता. त्यासाठी त्याला कोल्हापूर सोडून पुण्याला जाऊन घडावे लागले, याचा अभिमान बाळगताना थोडी लाजही वाटायला हवी. पेठापेठांत असे किती अनिकेत बाकावर बसून बसून खेळ सोडतात आणि कुठेतरी डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतात, ते आम्हाला दिसते. पोरांनी सराव करायचा तरी कुठे? गांधी मैदानाचे दर पावसाळ्यात तळे होते. पाणी ओसरल्यावर चिखल आणि चिखल वाळला की खड्डे. त्यातच ती खेळतात आणि त्यातच पाय मोडून घेतात.

एक गोष्ट वर्गणीची. संघासाठी दरवर्षी पेठेत घरोघर पावतीपुस्तक फिरते. आम्ही देतो, आनंदाने देतो, आमच्या वडिलांनीही दिली. त्या पैशाचा हिशेब तालमीच्या फलकावर लावा, किती बाहेरच्या खेळाडूंवर गेला आणि किती बूट-बॉलवर, एवढे मी मागच्या बैठकीत उभा राहून विचारले. तेव्हा 'तुम्ही फक्त मॅच बघा' असे मला सगळ्यांसमोर ऐकवले गेले. मी मॅच बघतोच आहे. ज्यांनी मला गप्प बसवले त्यांच्यापैकी एकजणही शेवटच्या सामन्याला दिसला नाही. मनोधैर्य खचायला कुणी पाठ फिरवावी लागते, ते आपल्या प्रतिनिधीने तिथे जाऊन विचारावे.

आता संघ खालच्या गटात खेळणार. मला त्याची भीती वाटत नाही. उलट हाच काळ आहे, पेठेतली पंधरा पोरे घ्या, त्यांना एकच प्रशिक्षक द्या, दोन वर्षे हरू दे. आम्ही गॅलरीत बसू. नोंदणी सुरू होईल तेव्हा आयात खेळाडूंची यादी घेऊन पुन्हा कुणी वर्गणीला दारात आले, तर यंदा माझ्या घरातून पावती फाटणार नाही. बूट आणि बॉल घेणार असाल तर दुप्पट घेऊन जा.

शेवटी आपल्या दैनिकाबद्दल. मैदानात बाचाबाची झाली, गॅलरीतून बाटली आली, की चार कॉलमची बातमी आणि फोटो येतो. हुल्लडबाजी वाईटच, तिची बातमी जरूर द्या. पण मागच्या महिन्यात आमच्या लहान गटातल्या मुलांनी उपांत्य फेरीत टायब्रेकरवर सामना जिंकला. त्यांच्या गोलकीपरने दोन पेनल्टी अडवल्या. त्याची ओळसुद्धा आली नाही. तो मुलगा सकाळी पेपर घेऊन तालमीत आला होता, सगळी पाने उलटून बघितली आणि घडी घालून ठेवून दिला. निकाल लिहून आणून देण्याची जबाबदारी मी घेतो. गोल करणाऱ्यांची पूर्ण नावे, शुद्ध अक्षरांत, मॅच संपल्यावर तासाभरात आपल्या कार्यालयात पोहोचतील. आपण फक्त दोन ओळींची जागा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक आणि संघाचा आजन्म समर्थक,
कोल्हापूर