जंगलजेटीचा हिशोब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'गाडी बोटीत घालून कोकणात न्यायची म्हणजे निव्वळ चैन' अशा सुराचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. पत्रलेखक मुंबईचे दिसतात. त्यांचं निम्मं पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

मी दाभोळचा, सासुरवाडी गुहागरकडची. मध्ये वाशिष्ठीची खाडी. 1998 साली लग्न झालं तेव्हा पलीकडे जायला होडी होती. स्कूटर न्यायची तर दोन खलाशी ती उचलून फळीवरून आत घेत, आणि मी पलीकडे पोचेपर्यंत हँडल धरून उभा. स्कूटर उतरवताना एकदा आरसा तुटला, एकदा पेट्रोल सांडून बायकोची पैठणी वासाची झाली. ती पैठणी अजून कपाटात आहे आणि विषयही अजून घरात आहे. मोटार नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. 2003 साली दाभोळ ते पलीकडचं धोपावे अशी जंगलजेटी, म्हणजे माणसांसकट गाड्या वाहून नेणारी बोट, सुरू झाली आणि आमच्या तालुक्याचा नकाशाच बदलला. (मुंबईकर हिला 'रो-रो' म्हणतात. आमच्याकडे जंगलजेटीच.) पुढे वेशवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड अशा तरी (म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या अशाच बोटी) सुरू झाल्या. आता सागरी मार्गाने हरिहरेश्वरहून गणपतीपुळ्याला जाणारा माणूस वाटेत तीन खाड्या गाडीत बसल्या बसल्या ओलांडतो.

इथे गाडीचं तिकीट महाग की स्वस्त, हे ज्याला वळसा ठाऊक आहे त्यानेच सांगावं. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना बरं नव्हतं म्हणून संध्याकाळी गेलो आणि निघायला उशीर झाला. धोपाव्याच्या धक्क्यावर पोचलो तर शेवटची फेरी पाच मिनिटांपूर्वी सुटलेली. चूक सर्वस्वी माझी, बोटवाल्यांची नाही. समोर दाभोळचे दिवे दिसत होते. आमच्या आळीतला खांबावरचा दिवासुद्धा ओळखता येत होता. मग गाडी वळवली आणि चिपळूण, खेड, दापोली करत घरी आलो. सव्वाशेच्या वर किलोमीटर, आठ-नऊ लिटर डिझेल, वाटेत भोस्त्याचा घाट, आणि दार उघडलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. जी खाडी पाव तासात पार होते तिला टाळायची किंमत ही. त्या रात्रीपासून जंगलजेटीच्या तिकिटाबद्दल मी घरात कुरकुर केलेली नाही.

पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. एका तरीवर (नाव मुद्दाम लिहीत नाही) जाताना माझी गाडी 'लहान' होती आणि दोन दिवसांनी येताना तीच गाडी 'मोठी' झाली. का, तर टपावर कॅरिअर होता आणि त्यावर आंब्याच्या चार पेट्या. खिडकीतल्या पोराशी वाद घालावा तर मागे पंधरा गाड्या हॉर्न वाजवतायत. रक्कम किरकोळ होती, पण दरफलक असता तर वाद झालाच नसता. लांबीप्रमाणे की उंचीप्रमाणे, चालक तिकिटात धरला की वेगळा, रात्रीचा दर वेगळा का, हे धक्क्यावर मोठ्या अक्षरात, पावसात न पुसणाऱ्या रंगात लिहिलेलं असावं. त्याच फलकावर खडूने आजची ओहोटी किती वाजता तेही लिहावं. उधाणाच्या दिवसांत पाणी फार ओसरलं की रॅम्प (गाडी चढा-उतरायची बोटीची फळी) नीट टेकत नाही आणि फेरी खोळंबते, हे आम्हाला ठाऊक आहे. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला नाही. ते बिचारे उन्हात काच वर करून तासभर एसी चालू ठेवतात, आणि मग फेरी महाग पडली म्हणतात.

जाता जाता आणखी एक खर्च सांगतो, जो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो. भरतीला रॅम्पच्या तोंडाशी चाकं खाऱ्या पाण्यात बुडतात. खलाशी 'येऊ दे, येऊ दे, बस्स' म्हणत हात दाखवतो, चाकामागे लाकडाचं ठोकळं सरकवतो आणि आपण निर्धास्त होतो. ते पाणी मात्र गाडीच्या पोटाला चिकटून घरी येतं. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुतली नाही, तर दोन पावसाळ्यांत सायलेन्सरची चाळण होते. माझ्या पहिल्या गाडीची झाली.

आता खाडी सोडून समुद्राकडे येतो, कारण पत्रलेखकांचा राग मुळात तिकडचा आहे. भाऊचा धक्का ते मांडवा ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराला ती सोयीची आहे, यात वाद नाही. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात तेव्हाही ती चालते. ज्याला घाई आहे त्याला अटल सेतू आहेच, एका बाजूचा 250 रुपये टोल भरून. टोल देताना कुणी हू का चू करत नाही, पण बोटीच्या तिकिटावर मात्र सगळे अर्थतज्ज्ञ होतात.

खरा प्रश्न मुंबई-विजयदुर्गचा. ऑगस्ट 2025 मध्ये या सेवेचे जे दर जाहीर झाले त्यात माणशी सर्वांत कमी तिकीट 2,500 रुपये आणि मोटारीचे 6,000. चौघांचं कुटुंब गाडी घेऊन निघालं की एका बाजूचे 16,000 झाले. तेच कुटुंब महामार्गाने गेलं तर साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, तीसेक लिटर इंधन, वडखळला चहा आणि कमरेचा सत्यानाश. सगळं धरूनही बोटीच्या निम्म्यातसुद्धा भागतं. गणपतीला जाणारा लालबाग-परळचा चाकरमानी हा हिशोब तोंडी करतो आणि एसटीच्या रांगेत उभा राहतो. इथे पत्रलेखक बरोबर आहेत.

फक्त त्यांनी कारण चुकीचं शोधलंय. समुद्र महाग नाही, घाई महाग आहे. ही बोट 25 नॉटच्या, म्हणजे तासाला 25 सागरी मैल वेगाची म्हणून जाहीर झाली. किलोमीटरमध्ये ताशी सेहेचाळीस. रस्त्यावर हा वेग काहीच नाही, पाण्यावर प्रचंड आहे. ढोबळ नियम असा, की बोटीचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाला ताकद आठपट लागते. वेळ निम्मा होतो हे धरलं तरी तेवढ्याच अंतराला इंधन साधारण चौपट जळतं. उलट वेग निम्म्यावर आणला तर इंधन पावावर येईल. मुंबई ते विजयदुर्ग अंतर सुमारे 140 सागरी मैल. बारा नॉटने जाणारी बोट रात्री आठला निघाली तर सकाळी आठच्या सुमारास तिथे. सहा तासांत पोचण्याची हौस कुणाला आहे? आम्हाला रात्री झोपायचं आहे आणि सकाळी गाडी घेऊन घरी जायचं आहे.

आणि हे काही नवं नाही. आमचे आजोबा आगबोटीने असेच यायचे. डेकवर पथारी टाकायची, सोबत भाकरी आणि सुकटीची चटणी, पहाटे हर्णै आणि मग दाभोळ. बोट धक्क्याला लागायची नाही, पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावं लागे, बायका जीव मुठीत धरत. तरी गरीब माणूस तिनेच यायचा, कारण ती त्याला परवडत होती. पावसाळ्यात बोटी बंद ठेवत आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होई. त्यात शहाणपण होतं. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेल्या रामदास बोटीवर सहाशेहून जास्त माणसं गेली, ती गटारीच्या दिवशी. तेव्हा आषाढात बोट हाका असं मी म्हणणार नाही, आणि गणपती लवकर आले तर समुद्र निवळलेला नसतो हेही मान्य. पण ऑक्टोबर ते मे आठ महिने आहेत. दिवाळी आहे, शिमगा आहे, आंब्याचा हंगाम आहे. गाड्यांच्या डेकवर परतीला देवगडच्या पेट्यांचे टेम्पो घेतले तर बोट रिकामी यायची नाही, आणि माणसाचं तिकीटही खाली आणता येईल.

खाड्यांवर पूल होणार, मग जंगलजेट्या कशाला, असंही पत्रात एक वाक्य आहे. बाणकोटच्या खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट राहिला. वेशवीच्या तरीवर उभं राहून त्याकडे बघत आमच्या एका पिढीची दाढी पांढरी झाली. पूल झाले तर आनंदच आहे. तोवर रोज कामाला पलीकडे जाणाऱ्यांना, शिक्षकांना, मासळीच्या टेम्पोवाल्यांना मासिक पास द्यावा आणि रात्री रुग्णासाठी एक खलाशी आणि तांडेल (बोट हाकणारा) धक्क्यावर झोपायला ठेवावा. सागरी मंडळाने एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आम्ही यंदाही सासुरवाडीच्या गौरीला जंगलजेटीनेच जाणार आहोत. शेवटची फेरी किती वाजता, ते बायको आधी फोन करून विचारते.

आपला,
एक वाचक, दाभोळ (ता. दापोली)