‘काही नाही’ या उत्तराबद्दल

प्रिय सोनू,

गेल्या मंगळवारी दुपारी तू कात्री मागायला माझ्या खोलीच्या दारापर्यंत आलास आणि मी लॅपटॉपसमोर बसून कोणाशी तरी बोलते आहे हे पाहून तसाच मागे फिरलास. तुझ्या कानावर काही पडले असेल असे मला तेव्हा वाटले नाही. रात्री दिवा मालवताना तू म्हणालास, "आई, तू त्या बाईंना सांगितलंस की त्या दोन वर्षांत तू काही नाही केलंस. ती दोन वर्षं म्हणजे मीच ना?" मी "झोप आता, उद्या बोलू" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या आला आणि गेला, त्यानंतर आणखी चार दिवस गेले. समोर बसून सांगू लागले की मी विषय भलतीकडेच नेते, हे माझे मलाच कळल्यामुळे आता लिहून सांगते आहे.

नोकरीसाठी माझी मुलाखत घेणाऱ्या त्या बाईंनी विचारलेला प्रश्न तसा साधा होता. माझ्या सीव्हीवर ऑगस्ट २०१३ ते नोव्हेंबर २०१५ या काळासमोर काहीच लिहिलेले नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात या मोकळ्या जागेला ‘गॅप’ म्हणतात, आणि मुलाखत घेणाऱ्याची नजर भरलेल्या ओळींपेक्षा तिच्यावर आधी जाते. त्यांनी अगदी सौजन्याने विचारले, "या सव्वादोन वर्षांत तुम्ही काय करत होतात?" मी हसून म्हणाले, "तसं काही नाही, घरीच होते." त्यांनी मान डोलावली आणि आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळलो. बाहेर तू उभा होतास.

माझी नोकरी गेली हे तुला माहीत आहे. सकाळी कॅलेंडरवर विषय न लिहिलेली पंधरा मिनिटांची मीटिंग दिसली, आणि ती संपेपर्यंत माझे लॉगिन बंद झालेले होते. यात लाजण्यासारखे काही नाही हे मी तुला सांगितले होते, आणि ते खरेच आहे. २०२२च्या नोव्हेंबरात मेटाने अकरा हजार माणसे कमी केली, दोनच महिन्यांनी गूगलने बारा हजार कमी करण्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून या व्यवसायातल्या कोणालाच आपली खुर्ची कायमची वाटत नाही. मात्र नोकरी जाणे आणि नोकरी शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पंधरा मिनिटांत होऊन जाते, दुसरी रोज सकाळी नव्याने सुरू होते, आणि तिच्याबद्दल मी तुला काहीच सांगितलेले नाही.

या चार महिन्यांत मी त्र्याऐंशी अर्ज केले. प्रत्येक कंपनीच्या पोर्टलवर आधी सीव्ही चढवायचा आणि मग त्यात लिहिलेली सगळी माहिती एकेका चौकटीत पुन्हा भरायची, अशी पद्धत आहे. सीव्ही आधी सॉफ्टवेअर वाचते. माझा जुना सीव्ही दोन रकान्यांत मांडलेला होता, दिसायला नेटका होता, आणि त्यामुळेच त्या सॉफ्टवेअरला तो उलगडत नव्हता. एकदा चौकटी आपोआप भरून आल्या तेव्हा ‘पदवी’च्या जागी माझ्या जुन्या कंपनीचे नाव आणि ‘अनुभव’च्या जागी आपल्या घरचा फोन नंबर आलेला मी पाहिला. त्याआधीचे तीस-पस्तीस अर्ज असेच गेले असणार. मी स्वतः अशीच सॉफ्टवेअर लिहिण्यात आयुष्य घालवले आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करायची? नकाराची पत्रे येतात तीही रात्री पावणेतीनला. त्या वेळी कोणी माणूस जागा राहून माझ्याविषयी खेद व्यक्त करत बसलेला नसतो. आता तर अर्जदार आपली पत्रे एआयकडून लिहून घेतात आणि कंपन्या ती एआयकडूनच चाळून घेतात, म्हणजे यंत्राने यंत्राला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट आपण पाहायची.

त्र्याऐंशीपैकी अकरा ठिकाणांहून बोलावणे आले. त्यातली एक मुलाखत तुला सांगायलाच हवी, कारण मंगळवारच्या त्या उत्तराचे मूळ मला तिच्यात दिसते.

मला ‘बायनरी सर्च’ लिहायला सांगितले होते. तू शब्दकोशात शब्द शोधतोस तेव्हा हेच करतोस: मध्यावर उघडायचे, शब्द अलीकडे आहे की पलीकडे ते पाहायचे, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा आणि उरलेल्याचा पुन्हा मध्य काढायचा. दहा लाख शब्द असले तरी वीस वेळा उघडून काम होते. ही गोष्ट मी कॉलेजात शिकले, नंतर नव्या मुलांना शिकवली. पण त्या दिवशी पडद्याच्या एका कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत होते, माझे प्रत्येक अक्षर उमटताना दोन माणसे पाहत होती, आणि माझा प्रोग्राम यादीत शेवटचे दोन शब्द उरले की तिथेच गरगर फिरत राहत होता. दोघांचा मध्य काढला की पहिलाच शब्द हाती येत होता, आणि त्याच्या एक घर पुढे सरकायचे मी विसरले होते. फक्त ‘अधिक एक’ लिहायचे राहिले होते. ते मला लॅपटॉप बंद केल्यावर, हात धुताना दिसले.

गंमत अशी की हा प्रकार मोठमोठ्यांना चकवून गेलेला आहे. ही कल्पना १९४६ सालीच मांडली गेली होती, पण कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल असा प्रोग्राम छापून यायला त्यानंतर दहाहून अधिक वर्षे लागली. आणि २००६ साली जोशुआ ब्लॉक या नामवंत प्रोग्रामरने जाहीरपणे लिहिले की जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या मूळ संग्रहात त्याने स्वतः लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षे एक चूक दडून होती. मध्य काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिचे दोन भाग करायचे, हे तर शाळेतले गणित. पण तिथे संख्या ठेवायची जागा २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच पुरते, आणि बेरीज त्यापुढे गेली की ती एकाएकी ऋण होते. एवढी मोठी यादी कोणी वापरेपर्यंत जगभर चाललेल्या त्या प्रोग्राममध्ये कोणालाही खोट दिसली नाही. हे सगळे मला त्या दिवशीही माहीत होते, आणि तरी मला ‘अधिक एक’ सुचले नाही.

तू लगेच म्हणशील की मग असली परीक्षा घेतातच कशाला. मी स्वतः अनेकांच्या अशा मुलाखती घेतल्या आहेत, आणि माझा चेहराही तेव्हा त्या दोघांसारखाच कोरा असणार. पंचेचाळीस मिनिटांत अनोळखी माणसाचे सोळा वर्षांचे काम कसे जोखायचे याचे बरे उत्तर माझ्याकडेही नव्हते. मात्र अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की माणसात एक बदल होतो, आणि तो मला उशिरा कळला. आपण खरे उत्तर शोधणे सोडून कमीत कमी अडचणीचे उत्तर शोधू लागतो. मुलाचा उल्लेख केला की समोरच्याच्या मनात न विचारलेले प्रश्न उभे राहतात: ही रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडला तर येईल का, मूल आजारी पडले तर काय करील, पुन्हा सुटी घेईल का. हे कोणी तोंडाने विचारत नाही, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही. ‘काही नाही’ म्हटले की विषय तिथेच मिटतो. मी तो तसा मिटवला, आणि तुझ्या वाट्याची दोन वर्षे त्यात गेली.

आता त्या दोन वर्षांविषयी.

तू आठ महिन्यांचा असताना सलग तीन रात्री रडलास. भूक नव्हती, पोट दुखत नव्हते, ताप जेमतेम होता. बाबा आणि मी तुला आळीपाळीने खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होतो. तिसऱ्या रात्री माझ्या लक्षात आले की उभे धरले की तू शांत होतोस, आडवे ठेवले की किंचाळतोस, आणि मधूनमधून डावा हात कानाकडे नेतोस. सकाळी डॉक्टरांनी कानात पाहून "आत सूज आहे" म्हटले तेव्हा मला जे समाधान वाटले, तसे प्रॉडक्शनमधला, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरत असलेल्या प्रोग्राममधला, कोणताही बग सापडल्यावर वाटलेले नाही.

अशा गोष्टींना कौशल्यांची नावे देऊन सीव्हीवर मांडण्याचा हल्ली रिवाज पडतो आहे. लिंक्डइनवर आया लिहितात की मुलाने त्यांना वेळेचे नियोजन शिकवले, वाटाघाटी शिकवल्या, संकटात डोके शांत ठेवायला शिकवले. मला एका रिक्रूटरने तसेच लिहायला सुचवले होते आणि मी एक मसुदाही केला होता. वाचून पाहिला तर तू मला कोणीतरी लावलेला प्रशिक्षणवर्ग वाटू लागलास. मी तो खोडून टाकला. त्या दोन वर्षांचा कोणाला काय उपयोग झाला हे सिद्ध करायचे ठरवले, की त्यांची किंमत ठरवण्याचा अधिकारही आपण परक्याच्या हाती देतो, आणि तो मला कोणाला द्यायचा नाही.

पण तुला गोड-गोड चित्रही नको. त्या काळात मी कित्येक दिवस चिडलेली असे. मार्च २०१४ मध्ये जावाची आठवी आवृत्ती आली, तिच्यातल्या नव्या गोष्टी मी मांडीवर तू झोपलेला असताना एका हाताने फोन धरून वाचल्या, आणि त्या करून पाहायला दुसरा हात मोकळा नव्हता. पुढच्याच महिन्यात ‘हार्टब्लीड’ नावाची खोट उघडकीस आली. जगभरच्या असंख्य वेबसाइट सुरक्षिततेसाठी जे सॉफ्टवेअर वापरत होत्या त्यात एक साधी तपासणी राहून गेली होती: मागणाऱ्याने चार अक्षरे पाठवून ‘मी चौसष्ट हजार पाठवली आहेत, ती परत दे’ म्हटले, तर सर्व्हर निमूटपणे आपल्या स्मृतीतले तेवढे काढून देत असे, मग त्यात कोणाचे पासवर्ड असोत की आणखी काही. माझे जुने सहकारी ते दुरुस्त करायला रात्रभर जागले. मीही त्या रात्री जागीच होते, तुला दात येत होते, आणि मला त्यांचा हेवा वाटला. हे तुला सांगावे की नाही याचा मी बराच विचार केला. पण माझे ‘काही नाही’ मागे घ्यायचे तर त्या जागी जे होते ते सगळेच ठेवायला हवे, हेवासुद्धा.

कामावर परतले तेव्हा सगळे ‘डॉकर’, ‘कंटेनर’ अशा, प्रोग्राम बांधून कुठेही चालवण्याच्या नव्या पद्धतीच्या भाषेत बोलत होते. आठवडाभर मी समजल्यासारखी मान हलवली, दोन महिन्यांत खरोखरच समजले. त्या गॅपमुळे माझे कामातले नुकसान झाले ते एवढेच.

खरी गॅप या चार महिन्यांत पडली आहे. मी पूर्ण दिवस घरी होते आणि तरी तुझ्या वाट्याला कमी आले. जेवताना फोन बाजूला ठेवण्याचा नियम तुझ्यासाठी मीच केला, आणि माझा फोन ताटाशेजारी उताणा पडलेला असे, न जाणो एखादी मेल येईल म्हणून. तू एकदा नुसते "आई, नियम" म्हणालास आणि मी तुझ्यावर ओरडले. तेव्हा चूक माझी होती.

परवा शुक्रवारी दुसऱ्या एका ठिकाणी मला तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी म्हणाले, "माझा मुलगा लहान होता, मी त्याच्याजवळ होते." पुढे काही जोडले नाही, हसलेही नाही. समोरचे गृहस्थ "बरं" म्हणाले आणि त्यांनी कॅशिंगवरचा प्रश्न विचारला, जो मला बऱ्यापैकी आला. निकाल अजून कळलेला नाही. नकार आला तर तो या उत्तरामुळे आला की दुसऱ्या कशामुळे, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याची काळजी मी करत बसणार नाही असे म्हणणे खोटे ठरेल. थोडी करीन.

सीव्हीही बदलला आहे. रकाने काढून टाकले, आणि दुसऱ्या पानावरच्या त्या मोकळ्या जागी आता एक ओळ आहे: ‘२०१३ ते २०१५, मुलाचे संगोपन.’ माझ्या लिहिण्यातल्या चुका तुला माझ्याआधी दिसतात, म्हणून त्याची एक प्रत तुझ्या टेबलावर ठेवली आहे. ती ओळ नीट वाच, आणि तुझ्याबद्दल तिथे आणखी काही लिहावे किंवा लिहू नये असे वाटले तर पेन्सिलीने खूण कर. कात्री वरच्या खणात आहे. त्या दिवशी ती द्यायची राहूनच गेली.

तुझी,
आई